गाडीत आवाज बसवण्याआधी



मागचा लेख आमसुलं सुकवण्यावर होता आणि आज मी गाडीतल्या स्पीकरवर लिहायला बसले आहे. हसा खुशाल. वर्षभरापूर्वी कुणी मला सांगितलं असतं की तू एक दिवस वॅट आणि ट्वीटरवर बोलशील, तर मीही हसले असते. पण या हिवाळ्यात आमच्या घरात या विषयावर जेवढी चर्चा झाली, तेवढी मुलाच्या लग्नाच्या वेळी मांडवावरसुद्धा झाली नव्हती. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय. ते आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांचा कुकर लावायचा राहिलाय त्या उठू शकतील. गाडीत आवाज बसवण्याआधी घरातल्या माणसांचे कान तपासून घ्या. आणि दुकानात पैसे मोजताना मोठा आवाज घेऊ नका, स्पष्ट आवाज घ्या.

असं का म्हणते ते आता सविस्तर.

आमची गाडी आठ वर्षांची आहे, मधल्या मॉडेलची. कंपनीनेच बसवून दिलेला टेप आणि दारांमध्ये चार स्पीकर. कॅसेट जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी आमच्या पिढीच्या तोंडी ‘टेप’च आहे. माझ्या लहानपणी घरातल्या रेडिओचंही लायसन असायचं, दरवर्षी पोस्टात जाऊन पैसे भरायचे आणि पुस्तकावर शिक्का घ्यायचा. गाडीत गाणं ही तर फार मोठ्या लोकांची गोष्ट. अमेरिकेत १९३० साली गाडीत बसणारा रेडिओ बाजारात आला आणि ‘मोटर’ या शब्दावरून त्याचं नाव ‘मोटोरोला’ ठेवलं, पुढे ती कंपनीच त्या नावाने ओळखली जाऊ लागली. आपल्याकडे १९८३ च्या डिसेंबरात मारुती आली, त्यानंतर हळूहळू मध्यमवर्गीय घरांत गाडी आणि गाडीत कॅसेट आली. म्हणजे प्रवासात आपल्या आवडीचं ऐकायला मिळणं ही आपल्या पिढीला उशिरा मिळालेली चैन आहे. मला ती आवडते. हे आधी कबूल करते, कारण पुढचं वाचून कुणाला वाटायला नको की मी गाडीतल्या गाण्यांच्या विरोधात आहे.

वर्षातून दोन-तीनदा आम्ही कुंभोजच्या बाहुबलीला जातो. माझं माहेर सांगलीकडचं, त्यामुळे तिकडे जाणं म्हणजे तीर्थही आणि माहेरही. रत्नागिरीहून हातखंबा, पाली, साखरपा, मग आंबा घाट चढून मलकापूर आणि कोल्हापूर. कोल्हापूरपर्यंतच सव्वाशे-एकशे तीस किलोमीटर होतात. एवढ्या वेळात भक्तामर दोनदा होतं, थोडी जुनी गाणी होतात, आणि परतीला ह्यांना बातम्या लागतात.

गेली दोन वर्षं मला एक गोष्ट जाणवत होती. पूर्वी टेपचा आकडा बारावर असायचा. मग पंधरा झाला, मग अठरा. गेल्या वर्षी चोवीसवर गेला. मी कमी केला की हे पुन्हा वाढवायचे. “या गाडीचे स्पीकर गेलेत, नुसते घुमतात, शब्दच कळत नाहीत,” हे ह्यांचं म्हणणं. मलाही ते खरं वाटलं. आठ वर्षांत आपल्या कोकणातल्या हवेत लोखंडी गेट गंजतं, तिथे स्पीकरचं काय.

मुलगा पुण्याला असतो. त्याच्या कानावर हे गेलं आणि त्याने ठरवलं की बाबांच्या अडुसष्टाव्या वाढदिवसाला गाडीत झकास सिस्टीम बसवून द्यायची. त्याने यादीच पाठवली. मी बी.कॉम. केलंय, यादी दिसली की बेरीज केल्याशिवाय राहवत नाही. दहा इंची अँड्रॉइड स्क्रीन १८,०००. पुढचे स्पीकर ९,५००. मागचे ४,५००. सीटखाली बसणारा सबवूफर ८,०००. ॲम्प्लिफायर १४,०००. चारही दारांना आवाज दाबणारं अस्तर ६,०००. वायरिंग आणि मजुरी ४,०००. एकूण ६४,०००. मी म्हटलं, एवढ्यात स्वयंपाकघराचा ओटा नवा होतो. तो म्हणाला, “आई, बाबांनी आयुष्यभर स्वतःसाठी काय घेतलं?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

नाताळच्या सुट्टीत नात आमच्याकडे होती, सहा वर्षांची. तिला घेऊन आम्ही बाहुबलीला गेलो. अठ्ठावीस फुटांच्या त्या मूर्तीसमोर मान वर करून ती किती वेळ उभी राहिली, ते सगळं पुन्हा कधीतरी लिहीन. परतताना सूर्यास्ताआधी मलकापूरला डबा उघडून जेवून घेतलं आणि आंबा घाटाला लागलो. काचा बंद, एसी चालू, भक्तामर चालू, आकडा चोवीसवर. नात मागे बसली होती. ती काहीतरी बोलत होती. हे म्हणाले, “पुटपुटू नकोस गं, नीट बोल.” ती पुन्हा म्हणाली. मला कळलं. ती म्हणत होती, “आजोबा, मागे ॲम्ब्युलन्स.”

मी मागे वळून पाहिलं तर दिवा फिरत होता, अगदी गाडीला चिकटून. सायरन मलाही स्तोत्राच्या आवाजात नीट ऐकू आला नव्हता, पण एकदा लक्ष गेल्यावर ऐकू येऊ लागला. ह्यांना तेव्हाही येत नव्हता. मी हात दाखवला, टेप बंद केला, तेव्हा कुठे ह्यांनी आरशात पाहिलं आणि पुढचं वळण संपल्यावर गाडी डावीकडे घेतली. ॲम्ब्युलन्स निघून गेली. किती वेळ ती आमच्यामागे अडकली होती, कोण जाणे. दोन वळणं? चार?

ॲम्ब्युलन्सला वाट दिली नाही तर २०१९ पासून कायद्यात दहा हजारांपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. पण त्या संध्याकाळी माझ्या डोक्यात दंड नव्हता. आत कोणीतरी होतं, त्याच्याजवळ त्याची माणसं बसली असतील, आणि समोर आमची गाडी हळूहळू उतरत होती. आत स्तोत्र चालू होतं म्हणून त्या माणसांचा त्रास काही कमी होत नव्हता. साखरप्यापर्यंत आम्ही दोघं काही बोललो नाही.

तरीसुद्धा, खरं सांगते, तेव्हाही मी दोष स्पीकरलाच दिला. चांगले स्पीकर असते तर आकडा चोवीसवर न्यावा लागला नसता, असा माझा हिशोब. म्हणून मी स्वतःच मुलाला फोन केला की तू म्हणतोस ते बसवून टाकू.

आता दुकानातली गोष्ट. मुलाने पैसे पाठवले, पण बसवायचं इथेच, कारण पुढे काही बिघडलं तर पुण्याला कोण नेणार. शहरातल्या एका दुकानात गेलो. तिथे भिंतीवर एक मोठी फळी असते, त्यावर वेगवेगळे स्पीकर बसवलेले असतात, आणि बटणं दाबून एकेक वाजवून दाखवतात. दुकानातला मुलगा पंचविशीचा, पण शांत आणि समजावून सांगणारा. त्याने सांगितलं की साध्या स्पीकरमध्ये जाड आवाजाचा मोठा पडदा आणि बारीक आवाजाचा छोटा ट्वीटर एकाच ठिकाणी असतात. त्याला कोॲक्सिअल म्हणतात. महागात ट्वीटर वेगळा मिळतो, तो वर, काचेजवळच्या कोपऱ्यात बसवतात, म्हणजे आवाज पायाशी न राहता कानाशी येतो. त्याला कॉम्पोनंट म्हणतात. फरक कळावा म्हणून त्याने एक भजन लावलं, खालचा स्पीकर बंद केला आणि हळू आवाजात नुसता ट्वीटर चालू ठेवला.

मला टाळ ऐकू आले. स्वच्छ, बारीक, किण् किण्.

हे म्हणाले, “बंद पडलं वाटतं.”

मुलाने बटण पाहिलं. “नाही काका, चालू आहे.”

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, चालू आहे म्हणून. हे फळीच्या जवळ गेले, कान लावला. “हां, येतंय थोडंसं,” म्हणाले. मला लग्नाला झालेली चाळीस वर्षं माहीत आहेत, हे कधी खोटं बोलतात ते कळतं. त्या मुलालाही कळलं असावं. तो हळूच म्हणाला, “काका, स्पीकर आज घेऊ नका. आधी एकदा कान दाखवून या. मग मी तुम्हाला बरोबर सेट करून देईन.” हातात आलेलं गिऱ्हाईक त्याने परत पाठवलं. त्याचं कल्याण होवो.

हे आठवडाभर तयार नव्हते. “मला ऐकू येतं, तुम्ही लोक पुटपुटता.” शेवटी नातीने फोनवर सांगितलं, “आजोबा, तुम्ही माझं ऐकतच नाही.” मग गेले.

ऑडिओलॉजिस्टकडची तपासणी साधी असते. बंद खोलीत कानाला हेडफोन लावतात, निरनिराळे बारीक-मोठे सूर ऐकवतात, ऐकू आलं की बटण दाबायचं. त्याचा आलेख निघतो. डावीकडे जाड सूर, उजवीकडे बारीक. ह्यांची रेघ डावीकडे ठीक होती आणि उजवीकडे घाटासारखी खाली उतरत गेली होती. बाईंनी समजावलं ते मी जसंच्या तसं सांगते, कारण हे प्रत्येक घरात कळायला हवं. वयोमानाने कान जातो तो सगळा एकदम जात नाही. बारीक सूर आधी जातात. बोलण्यातले स्वर जाड आणि जोरकस असतात, ते ऐकू येतात. पण स, श, फ, थ ही अक्षरं बारीक आणि हलकी, ती गळतात. मी ‘साठ’ म्हणावं आणि ह्यांना ‘आठ’ ऐकू यावं. म्हणून अशा माणसाला वाटतं की आवाज तर येतोय पण समोरचा पुटपुटतोय. बायकांचे आणि मुलांचे आवाज बारीक, त्यामुळे घरात सगळ्यात आधी आपलं आणि नातवंडांचं बोलणं हरवतं. मित्रांचे जाड आवाज कट्ट्यावर नीट ऐकू येतात. मग बायको म्हणते, “माझंच बरं ऐकू येत नाही.”

हे मी म्हटलंय, मैत्रिणींनो. एकदा नव्हे, दोन वर्षं रोज. मुद्दाम दुर्लक्ष करतात, निवृत्तीनंतर हट्टी झालेत, असं मी बहिणीजवळही बोलले आहे. आणि मोठ्याने बोललं की हे चिडायचे, “ओरडतेस कशाला!” तेही याच आजारात असतं म्हणे. हळू ऐकू येत नाही आणि मोठं सहन होत नाही, मधली जागा अरुंद होत जाते. त्या रात्री प्रतिक्रमणाला बसले तेव्हा ह्यांचंच नाव पुन्हा पुन्हा मनात येत होतं.

आता स्पीकरकडे वळते, कारण खरा मुद्दा इथे आहे. मुलाच्या यादीतला सबवूफर आणि ॲम्प्लिफायर मिळून २२,००० रुपये, वायरिंग वेगळं. हे सगळं कशासाठी? जाड आवाज वाढवण्यासाठी. आणि जाड आवाज वाढला की तो बारीक आवाजाला झाकतो, बोलण्यातली अक्षरं त्याखाली दबतात. म्हणजे ६४,००० खर्च करून आम्ही ह्यांना जे ऐकू येतंय तेच आणखी ऐकवणार होतो आणि जे येत नाही ते आणखी झाकणार होतो. शिवाय आकडा वाढवून उरलेल्या कानाची वाट लावणार होतो, ते वेगळंच.

आम्ही काय केलं ते सांगते. कंपनीचा टेप तसाच ठेवला. पुढच्या दोन दारांना कॉम्पोनंट स्पीकर घेतले, ९,५००. त्याच दोन दारांना अस्तर लावलं, ३,०००. मजुरी १,५००. एकूण १४,०००. दुकानातल्या मुलाने टेपच्या सेटिंगमध्ये बास कमी केला, मधले सूर थोडे वाढवले, आणि मागच्या स्पीकरचा जोर कमी केला. राहिलेल्या ५०,००० मध्ये आमची थोडी भर घालून ह्यांना श्रवणयंत्रं घेतली, दोन्ही कानांची. वहीत मी ते ‘गाडी’ या खात्यावरच टाकलंय. मुलाला सांगितलं, तुझी भेट तीच आहे, फक्त स्पीकर गाडीत बसवायच्या ऐवजी कानात बसवले.

ज्यांच्या घरी असा खर्च निघणार आहे त्यांच्यासाठी मी शिकलेल्या गोष्टी लिहून ठेवते. दुकानात पुरुष बोलतात आणि आपण बाजूच्या खुर्चीवर पर्स घेऊन बसतो. ते सोडा. गाडीत डावीकडे बसून तो आवाज तुम्हीही ऐकणार आहात. हे विचारा:

पहिलं, वॅट. खोक्यावर मोठ्या अक्षरात ३०० वॅट लिहिलेलं असतं. तो क्षणभराचा कमाल आकडा. बारीक अक्षरात आरएमएस असं लिहिलेलं असतं, तो सतत पेलणारा खरा आकडा, आणि तो बऱ्याचदा पन्नासच्या आसपास निघतो. एक विक्रीचा भाव आणि एक नफा, यातला फरक जसा आपण विसरत नाही तसा हाही विसरू नका.

दुसरं, वॅट दुप्पट म्हणजे आवाज दुप्पट नव्हे. वॅट दुप्पट केले तर फक्त तीन डेसिबल वाढतात, आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण दहा डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. त्यापेक्षा खोक्यावर ‘सेन्सिटिव्हिटी’चा आकडा बघा. ८९ ऐवजी ९२ चा स्पीकर घेतला तर तेवढ्याच विजेत तेच काम होतं, ॲम्प्लिफायर लागतच नाही.

तिसरं, गाडीची मूळ वायर कापू देऊ नका. कंपनीच्या सॉकेटमध्ये बसणारे कपलर मिळतात, ते लावायला सांगा. वायर कापली की वॉरंटीचा वाद होतो आणि आपल्या दमट हवेत चिकटपट्टीचे जोड गंजतात. ॲम्प्लिफायर घेतलाच तर बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवा. तो नसेल आणि वायर कुठे घासली, तर आग लागू शकते.

चौथं, कोकणासाठी खास. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. काचेवरून ओघळलेलं पाणी दाराच्या आत उतरतं आणि तळाच्या भोकांतून बाहेर जातं. अस्तर लावताना ती भोकं बुजवलेली नाहीत ना, ते स्वतः वाकून बघा. दाराच्या आतलं प्लॅस्टिक फाडून तसंच ठेवत नाहीत ना, तेही बघा. आणि स्पीकरचा पडदा कागदी नको, पॉलिप्रॉपिलीनचा घ्या.

पाचवं, पडद्यासारख्या उघडणाऱ्या बाजूच्या एअरबॅग असतील तर काचेजवळच्या खांबात ट्वीटर किंवा वायर घालताना त्यांच्या वाटेत काही येता कामा नये. “एअरबॅग कुठे आहे ते दाखव,” असं सरळ म्हणा. ज्याला दाखवता येत नाही, त्याच्याकडून खांब उघडून घेऊ नका.

सहावं, मोठी स्क्रीन घेणार असाल तर तिला एक वायर हँडब्रेकची असते. गाडी उभी असेल तरच व्हिडिओ दिसावा म्हणून ती असते. पुष्कळदा गिऱ्हाईक खूश व्हावं म्हणून ती वायर भलतीकडेच जोडून टाकतात, मग चालत्या गाडीतही चित्र दिसतं. तसं करू नकोस, असं आधीच सांगा.

सातवं, जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि त्यावर मॉडेलचं नाव लिहून घ्या. एवढं सांगायला बी.कॉम. लागत नाही, पण आपण विसरतो.

आता विरोधी बाजू. माझ्या मुलाचं म्हणणं असं की बास हा ऐकायचा नसतोच, अंगाला जाणवायचा असतो, आणि तरुण माणसाने स्वतःच्या पैशाने स्वतःच्या गाडीत मजा केली तर बिघडलं कुठे. त्याचं म्हणणं मी उडवून लावत नाही. कानालाही मर्यादित परिग्रह ठेवा असं मी कुणावर लादणार नाही. पण हिशोब तरी बघा. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने ८० डेसिबल आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावं. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला पाच. मुलांसाठी तर सुरुवातच ७५ पासून. हे उलट्या चक्रवाढ व्याजासारखं आहे. आकडा थोडाच वाढलेला दिसतो आणि मुद्दल संपत येतं. आणि कानाच्या आतल्या बारीक पेशी एकदा गेल्या की पुन्हा येत नाहीत.

शिवाय जाड आवाज काचेत अडत नाही. गाडीत बसलेला म्हणतो माझ्या गाडीत आहे, पण रस्त्यावरच्या घरात आजाऱ्याच्या उशीला धडधड पोचते. देशात २००० सालापासून ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत. राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, रात्र म्हणजे दहा ते सहा. आणि गाडीचं दार उघडं टाकून समुद्रावर गाणी लावतात, त्याला तर मजा म्हणायचीही सोय राहिलेली नाही.

दुसरी बाजू माझ्या एका मैत्रिणीची. ती म्हणाली, “प्रवासात मौन पाळा, नाहीतर स्वतः नामस्मरण करा. ही यंत्रं कशाला?” तिच्या साधनेपुढे मी हात जोडते. पण आपण श्रावक आहोत, घरात राहणारे. समंतभद्र आचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले. त्यात एक दुःश्रुती, म्हणजे मन बिघडवणारं ऐकणं, आणि एक प्रमादचर्या, म्हणजे निष्काळजीपणे वागणं. माझ्या समजुतीप्रमाणे तिथे ऐकण्याला दोष नाही, काय ऐकता आणि कसं वागता याला आहे. आणि आंबा घाटात आमची दुःश्रुती नव्हती, चांगलं स्तोत्र चालू होतं. झाला तो प्रमादच होता. चांगल्या गोष्टीचा आवाजही दुसऱ्याचा आवाज बुडवू शकतो, हे मी त्या दिवशी शिकले. दशलक्षण पर्वात मंदिराचा कर्णा रस्त्याकडे तोंड करून लावतात, त्याबद्दलही आता मला हेच म्हणावंसं वाटतं. ज्यांना ऐकायचंय ते आत बसलेले असतात.

लहानपणी पाठशाळेत आपण एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत मोजायला शिकलो. स्पर्श, रसना, घ्राण, चक्षू, आणि सगळ्यात शेवटी श्रोत्र. जीवाला कान मिळायला शेवटच्या पायरीपर्यंत यावं लागतं. डोळ्यांना चष्मा लागला तर आपण चार दिवसांत करून घेतो, कानाला मात्र लाज वाटते. चष्मेवाल्याला कुणी म्हातारा म्हणत नाही, श्रवणयंत्रवाल्याला म्हणतात, म्हणून घरातले पुरुष टाळतात आणि बायका त्यांना सांभाळून घेतात. आपण तीनदा बोलतो, फोनवर त्यांच्या वतीने उत्तरं देतो, टीव्ही मोठा लावू देतो. हे सांभाळणं नव्हे. डॉक्टर लोक आता स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्यासारख्या कारणांत ऐकू न येणं मोजतात. माणसाला बोलणं कळेनासं झालं की तो चारचौघांत गप्प होतो, मग बाहेर जाणं कमी करतो, मग घरातही गप्प होतो.

श्रवणयंत्राने सगळं एका दिवसात ठीक झालं असं सांगणार नाही. पहिला महिना ह्यांनी ती डबीत ठेवण्याची शंभर कारणं सांगितली. ताटं आपटल्यासारखी वाजतात, पिशवीची करकर सहन होत नाही. डॉक्टरबाईंनी दोनदा सेटिंग बदललं. आता सकाळी चष्म्याबरोबर लावतात.

गेल्या महिन्यात पुन्हा कोल्हापूरला गेलो. आकडा अकरावर होता, आणि माझ्या बाजूची काच दोन बोटं खाली, असा आता आमच्याकडे घाटाचा नियम आहे. तेच भजन लागलं, दुकानातलं. हे म्हणाले, “यात टाळ आहेत होय?” मी म्हटलं, “पहिल्यापासून आहेत.” मग पुढच्या वळणावर मागून ट्रकचा हॉर्न आला, तो माझ्याआधी ह्यांनी ऐकला आणि बाजू दिली.

तुमच्या घरात कुणी आकडा वाढवत असेल तर आधी स्पीकरला नावं ठेवू नका, आणि माझ्यासारखं माणसालाही ठेवू नका. साठीच्या पुढच्या सगळ्यांची तपासणी करून घ्या, स्वतःचीसुद्धा. मी करून घेतली. डावा कान जरा मागे आहे, वर्षाने पुन्हा बोलावलंय. कॅलेंडरवर लिहून ठेवलंय.

जय जिनेंद्र.